डोलकाठी उभी कशी राहते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘आयएनएस तरंगिणी’ या शिडाच्या जहाजाचा फोटो पाहिला. तीन डोलकाठ्या आणि त्यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरच दोर! डोलकाठी जहाजात पक्की बसवलेली असणारच. मग शिडं वर-खाली करायला चार दोऱ्या पुरत नाहीत का? बाकीचे दोर कशासाठी असतात? आणि वादळात ते तुटले तर काय होतं?
(एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुम्ही कोल्हापूरच्या आहात हे वाचून बरं वाटलं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर नाचत असतं. सासनकाठी आठवा. खाली एक गडी काठीचा बुंधा पेलतो आणि काठीच्या वरच्या भागाला बांधलेले दोर चारी बाजूंनी माणसं धरून असतात. काठी झुलते, कलते, पुन्हा सरळ होते. तिला सरळ ठेवतात ते दोर. खालचा गडी फक्त भार पेलतो. एका बाजूच्या माणसानं दोर सोडून दिला तर काठी लगेच समोरच्या बाजूला कलंडेल.

जहाजाची डोलकाठी अशीच उभी असते. पेलणाऱ्या गड्याच्या जागी जहाजाचा तळ आणि दोर धरणाऱ्यांच्या जागी जहाजाच्या दोन्ही कडा, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आणि वरामा (मागचं टोक). मोठ्या जहाजात काठीचा बुंधा डेकमधून खाली जाऊन तळाच्या कण्यावर टेकतो, त्याचा थोडा आधार मिळतो हे खरं. पण आजच्या कितीतरी शिडाच्या बोटींत काठी नुसती डेकवर ठेवलेली असते. सगळे दोर काढून घेतले तर वारा यायचीसुद्धा गरज नाही, पहिल्याच लाटेला ती आडवी होईल.

मी मालवणकडचा. वडील मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, तांडेल (खलाशांचे प्रमुख) होते, मंगलोरी कौलं आणि मीठ घेऊन मुंबईपर्यंत जायचे. मी नौदलात नाविक म्हणून लागलो, शिडाच्या जहाजांवर राहिलो आणि निवृत्तीनंतर गोव्यात शिडाच्या बोटींच्या काठ्या उभ्या करायचं काम केलं. एवढ्या वर्षांत ‘दोर कशाला’ हा प्रश्न मला शेकडो जणांनी विचारला असेल. बहुतेकांच्या मनात असं असतं की काठी मजबूत आणि दोर म्हणजे जादा सोय. आहे ते उलटं. मजबुती दोरांची असते, काठी त्यांना ताणून धरणारा खांब असतो.

दोरांच्या दोन जाती आहेत. एक जात कायम बांधलेली. तंबूच्या दोरांना आपण तणावे म्हणतो ना, तसे हे डोलकाठीचे तणावे. काठीच्या माथ्यापासून दोन्ही कडांना उतरतात ते श्राउड, नाळेकडे आणि वराम्याकडे जातात ते स्टे. बंदरात असो की समुद्रात, हे सोडायचे नसतात. दुसरी जात चालत्या दोरांची. शीड वर चढवायचा हॅलयार्ड, शिडाचा खालचा कोपरा ओढून धरणारी शीट, आडव्या काठ्या फिरवणारे ब्रेस. हे कप्प्यांतून फिरतात आणि दिवसभर कुणी ना कुणी त्यांना ओढत किंवा सैल सोडत असतो. फोटोत तुम्हाला जाळं दिसलं ते या दोन्ही जातींचं मिळून. इंग्लंडमधल्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या युद्धनौकेवर सगळे दोर मिळून सुमारे 42 किलोमीटर भरायचे.

आता तणाव्यांकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. दोराला ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक तणाव्याला समोरून जोडीदार लागतो. डावीकडून वारा आला की डावीकडचे श्राउड ताठ होतात आणि उजवीकडचे थोडे ढिले पडतात. नवीन मुलं ते ढिले श्राउड बघून घाबरतात आणि चालत्या बोटीत ते आवळायला धावतात. थोडे ढिले पडणं बरोबरच आहे. फार लोंबायला लागले तर मात्र पुढच्या बंदरात काठीच्या सगळ्याच तणाव्यांचा ताण पुन्हा बसवायचा.

ताण किती येतो याचा अंदाज घ्यायचा असेल तर घरातली कपडे वाळत घालायची दोरी बघा. दोरीला थोडा झोल ठेवला तर ओल्या चादरी सहज पेलते. झोल काढून टाकायला ताणत गेलात तर भिंतीतला खिळाच उपटून हातात येतो. चादरी त्याच, पण दोरी आडवी होत गेली तसा ताण कित्येक पट वाढला. डोलकाठीचा श्राउड म्हणजे हीच गोष्ट उभी करून ठेवलेली. समजा काठी 12 मीटर उंच आहे आणि श्राउडचं खालचं टोक काठीपासून फक्त दीड मीटरवर बांधलंय. वाऱ्यानं काठीच्या माथ्याला बाजूला 100 किलोचा रेटा दिला, तर तो थोपवायला श्राउडमध्ये 800 किलोंहून थोडा जास्त ताण यावा लागतो. आठपट! तो तणावा इतका उभा आहे की त्याच्या ओढीतली बहुतेक ताकद काठीला खाली दाबण्यातच जाते, बाजूला ओढायला थोडीच उरते. म्हणजे त्याच वेळी काठीवर वरून 800 किलोंचा दाब पडतोय. सासनकाठीच्या खालच्या गड्याला विचारून बघा, दोरवाल्यांनी जोर लावला की त्याच्या कमरेवरचं ओझं वाढतं. दोर काठीला वर धरून ठेवतात असं आपल्याला वाटतं, पण ते तिला खाली दाबत असतात आणि त्या दाबाखालीच ती स्थिर राहते.

मग दाबानं काठी मोडत का नाही? शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटानं दाबा. लगेच धनुष्यासारखी वाकेल. आता कुणाला तरी तिच्या मध्यावर दोन्हीकडून बोटं धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. जवळजवळ चौपट जोर लावावा लागेल. आधाराविना राहिलेली लांबी निम्मी केली की वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते. म्हणूनच काही श्राउड थेट माथ्यापर्यंत आणि काही अर्ध्यावरच पोचतात. आजच्या बोटींवर काठीच्या मध्ये दोन्ही बाजूंना आडवे हात काढलेले दिसतात, त्यांना स्प्रेडर म्हणतात. ते दोन कामं करतात. काठीला मध्ये धरतात आणि माथ्याकडे जाणारा तणावा बाहेर ढकलून त्याचा कोन वाढवतात. वरच्या हिशेबात दीड मीटरच्या जागी तीन मीटर केले, तर ताण आठशेवरून चारशेवर येतो.

एवढा ताण शेवटी जातो कुठे? जहाजाच्या कडेला बसवलेल्या पोलादी पट्ट्यांवर, ज्यांना आम्ही चेनप्लेट म्हणतो. बोट विकत घ्यायला आलेला माणूस शिडं बघतो, इंजिन बघतो, आतली गादी दाबून बघतो. मी सगळ्यात आधी चेनप्लेट डेकमधून खाली उतरते तिथे नख लावून बघतो. तिथून पाणी झिरपत असेल तर बाकी बोट कितीही चकचकीत असली तरी मला ती नको.

‘तरंगिणी’चं थोडं वेगळं आहे. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं हे जहाज 1997 साली नौदलात आलं, आराखडा कॉलिन मडी यांचा, लांबी 54 मीटर, शिडं 20. 2003-04 मध्ये त्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्यांना, म्हणजे यार्डांना, बांधलेली चौकोनी शिडं आहेत आणि मागच्या काठीवर लांबीच्या दिशेनं लागणारी शिडं आहेत. चौकोनी शिडाला वारा मुख्यतः मागून आणि बाजूनं घ्यायचा असतो. म्हणून अशा काठ्यांचे श्राउड आणि बॅकस्टे (मागे ओढणारे स्टे) काठीच्या थोडे मागे नेऊन बांधतात. मागून ओढायला भरपूर दोर असतात, पुढून धरायला मात्र मोजकेच स्टे. म्हणून शिडाच्या जहाजावर सगळ्यात धाक कसला, तर वारा अचानक फिरून शिडांच्या पुढच्या अंगावर बसण्याचा. जी बाजू कमी धरलेली आहे तिकडून सगळा जोर येतो. जुन्या काळी अशानं काठ्या गेलेल्या आहेत. सुकाणूवरचा माणूस रात्रभर शिडाच्या कडेकडे मान वर करून बघत असतो तो यासाठीच.

तणाव्यांची किंमतही मोजावी लागते. आडव्या काठ्या वाऱ्याप्रमाणे फिरवताना त्या कधीतरी श्राउडना टेकतात आणि तिथेच थांबतात, आणखी फिरत नाहीत. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाजवळ फारसं जाऊ शकत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. जे दोर काठीला वाचवतात तेच तिची वाट अडवतात.

या काठ्या एकमेकींना बांधलेल्याही असतात. मधल्या काठीचा पुढचा स्टे पुढच्या काठीच्या पायथ्याकडे उतरतो. पुढच्या काठीचे स्टे नाळेबाहेर निघालेल्या सोटावर, म्हणजे बोस्प्रिटवर बांधतात. त्या सोटाला वर उचकटू न देणारा साखळदंड किंवा तार नाळेला खाली, पाण्याजवळ बांधलेली असते. लाटेनं किंवा टकरीनं ती खालची तार तुटली तर सोट वर उठतो, पुढची काठी ढिली पडते आणि पाठोपाठ मधली. म्हणून आम्ही उंच माथ्याइतकीच, किंबहुना जास्त काळजी पाण्याला लागून असलेल्या त्या एका तारेची घेतो.

आता माझ्या वडिलांच्या मचव्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. त्यावर असलं जाळं नव्हतं. एकच जाड डोलकाठी, तीही किंचित पुढे झुकलेली. तिच्यावर एक लांबलचक तिरकं परबाण, म्हणजे शीड बांधायची काठी, आणि त्याला मोठं तिकोनी शीड. दिशा बदलली की ते परबाण काठीला वळसा घालून दुसरीकडे न्यावं लागतं. दोन्ही बाजूंना कायमचे तणावे असते तर ते अडकलं असतं. म्हणून आमच्याकडे तणावे सुटे असायचे. वारा ज्या अंगानं, त्या अंगाला ते नेऊन कप्पीनं आवळायचे. आणि परबाण वर खेचायचा जाडजूड दोर मागे नेऊन बांधलेला असायचा. तोच शीड पेलायचा आणि तोच काठीला मागून धरायचा. एका दोरात दोन कामं. हिंदी महासागरातल्या खलाशांनी शेकडो वर्षं असंच केलं. मला आजही ती रचना युरोपच्या जहाजांपेक्षा कमी हुशारीची वाटत नाही. कमी माणसं आणि कमी खर्च, एवढंच काय ते बंधन होतं.

दोर काथ्याचे. काथ्या खाऱ्या पाण्याला टिकतो, पाण्यावर तरंगतो आणि झटका बसला तर ताणून तो पोटात घेतो. युरोपात तागासारखा हेंप वापरायचे, डांबर लावून. पीळ दिलेला असा दोर ओला झाला की फुगून आखडतो आणि वाळला की ढिला पडतो. पावसात रावटीचे तणावे कसे आपोआप ताठ होतात ते तुम्ही पाहिलं असेल. म्हणून श्राउडच्या खालच्या टोकाला तीन भोकांचे दोन लाकडी ठोकळे आणि त्यांतून ओवलेली बारीक दोरी असायची, ताण कमी-जास्त करायला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेली आणि 1817 साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे, तिच्या कडांवर असे ठोकळे रांगेनं दिसतात. एकोणिसाव्या शतकात लोखंडी तार आली आणि मग स्क्रूनं आवळायचे बॉटलस्क्रू आले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तुटले तर?

एका खासगी बोटीची काठी मी स्वतः उभी केली होती. जानेवारी महिना, दुपारी वायव्येचा वारा चढलेला, गोव्याच्या किनाऱ्यापासून आम्ही पाच-सहा मैल बाहेर. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज आला. वर बघेपर्यंत काठी स्प्रेडरपाशी मोडून शिडासकट पाण्यात पडली होती. कुणालाही लागलं नाही ही देवाची कृपा. वाऱ्याकडचा श्राउड तुटलाच नव्हता. तो चेनप्लेटला जोडणारा खिळा सरकून बाहेर आला होता. त्या खिळ्याला अडवणारी दोन मिलीमीटर जाडीची स्प्लिट पिन तिथे नव्हती. मी घाईत खिळा घातला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पिन घालायची राहिली. पट्टीमुळे नंतर कुणाला ते दिसलंही नाही. तेव्हापासून प्रत्येक पिन मी हातानं चाचपतो, नंतरच पट्टी लावतो.

तुटायच्या आधी काही सेकंद मिळाले तर एकच उपाय असतो. बोट ताबडतोब दुसऱ्या अंगावर घ्यायची, म्हणजे वारा धड बाजूच्या तणाव्यांवर येतो. आम्हाला ते सेकंद मिळाले नाहीत. आणि काठी पडली की खरा धोका सुरू होतो. ती तारांनी बोटीलाच बांधलेली असते आणि प्रत्येक लाटेबरोबर बोटीच्या कुशीत मोडकं टोक खुपसते. तारा लगेच सोडवाव्या लागतात. म्हणून स्प्लिट पिनची टोकं अगदी थोडीच उघडायची असतात. पूर्ण मागे वळवून दुमडली तर त्या वेळी पक्कडीनं निघत नाहीत. मोठी तारकात्री तर बोटीवर हवीच.

आपल्या नौदलातले अधिकारी अभिलाष टोमी यांच्यावर हे एकटे असताना ओढवलं, ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्यानं करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत. 2018 च्या सप्टेंबरात, दक्षिण हिंदी महासागरात. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली, ‘सुहेली’ नावाच्या बोटीच्या धर्तीवर. ती मूळ ‘सुहेली’ आपल्या मुंबईतच सागवानात बांधलेली 32 फुटी बोट. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत, एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती. थुरियाला वादळानं गरकन उलटवलं, डोलकाठ्या गेल्या आणि टोमींच्या पाठीला जबर इजा झाली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना तीन दिवसांनी वाचवलं. बोट उलटते तेव्हा काठीवर वाऱ्याचा नाही, पाण्याचा जोर येतो, आणि त्यापुढे चांगल्यातले चांगले तणावेही हरू शकतात. त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, 2023 मध्ये, टोमी दुसरे आले.

पण बहुतेक काठ्या वादळात जात नाहीत, माझ्या बोटीसारख्या चांगल्या हवेत जातात. स्टेनलेस तार बाहेरून चकचकीत असते आणि टोकाच्या नळीत शिरते तिथे आतून गंजते. तिथे चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसली तर मी तो तणावा बदलतो. एकोणीस तारांचा पीळ असतो. त्यातली एखादी तार तुटलीय का, हे डोळ्यांना दिसत नाही. मी कापसाचा बोळा घेतो आणि तणाव्यावरून हलक्या हातानं खाली फिरवत नेतो. जिथे कापसाचा तंतू अडकून राहतो तिथे तार तुटलेली. हात फिरवायचा नाही, बोट फाटतं.

प्रश्न : शिडाच्या जहाजावर इतके दोर असतात, तर रात्री अंधारात हवा तो दोर कसा सापडतो?
(इयत्ता आठवीतला वाचक, पुणे)

उत्तर : बाळा, दोर शोधायचा नसतो, त्याची जागा पाठ असते. कडेला लाकडी फळी असते, तिच्या भोकांत लाटण्याएवढ्या खुंट्या ओळीनं बसवलेल्या असतात. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली. तिथे त्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन अडकवतात. एकदम सोडायचा असेल तर खुंटी वर उपसली की सगळे वेढे क्षणात गळून पडतात. खुंट्यांचा क्रम मनमानी नसतो. वरच्या शिडाचा दोर मागच्या खुंटीवर, खालच्या शिडाचा पुढच्या, अशा धर्तीनं तो लावलेला असतो. त्यामुळे एका जहाजावर शिकलेला खलाशी दुसऱ्या जहाजावर फार चुकत नाही.

आमचे बोसन, म्हणजे दोर-शिडांचं काम बघणारे मुख्य खलाशी, आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि दोराचं नाव पुकारायचे. आम्ही काठीपासून मोजत, हातानं चाचपत खुंटीपर्यंत जायचं, दोर धरायचा आणि थांबायचं. चुकीचा दोर धरला तर ते रागवायचे नाहीत. तो दोर सोडला असता तर वर काय झालं असतं, एवढंच आम्हाला मोठ्यानं सांगायला लावायचे. पहिला आठवडा मी रोज चुकलो. तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीच्या पाळीला पाऊस आला, दिवे बंद होते आणि वरचं शीड उतरवायचा हुकूम झाला. माझा हात थेट नवव्या खुंटीवर गेला.